माहितीपत्रक : आपल्या गैरहजेरीत बोलणारा कागद

बोलणाऱ्याची बोरेही विकली जातात, असे आपल्याकडे म्हणतात. व्यापाऱ्याला हे नव्याने सांगण्याची गरज नाही. परंतु व्यापारी प्रत्येक गावी आणि प्रत्येक दुकानात स्वतः जाऊन बोलू शकत नाही. त्याच्या गैरहजेरीत त्याच्या मालाबद्दल जो कागद बोलतो, तो म्हणजे माहितीपत्रक. बाजारात त्याला ब्रोशर किंवा कॅटलॉग म्हणतात. हा कागद नीट बोलतो की नुसता गोंगाट करतो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

आम्ही कापडाच्या व्यापारात आहोत. हंगाम तोंडावर आला की परगावच्या पार्ट्यांची पत्रके आमच्या गादीवर येऊ लागतात. त्यांतली बरीचशी एकदा उघडून बाजूला ठेवली जातात. माल वाईट असतो म्हणून नव्हे. पत्रकात फुले असतात, वेलबुट्टी असते, सोनेरी अक्षरे असतात. पण कापडाचा पन्हा किती, तो शोधूनही सापडत नाही. गिऱ्हाईक समोर उभे असताना दुकानदाराला शोधत बसायला वेळ नसतो. तो पुढचे पत्रक उचलतो.

ही बाब लहान व्यापाऱ्यासाठी अधिक महत्त्वाची आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथे यंत्रमागावर कापड विणणारे असंख्य लोक आहेत. त्यांतले अनेक जण कोरा माल विणून देतात. पुढे त्याला रंग चढतो, घडी पडते आणि त्यावर दुसऱ्याची छाप बसते. बाजारात नाव होते ते छाप असणाऱ्याचे. मागवाल्याला स्वतःच्या नावाने दुकानापर्यंत पोहोचायचे असेल, तर त्याची पहिली पायरी बहुधा एक साधे पत्रकच असते.

कापडाच्या धंद्यात ही गोष्ट जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरहून येणाऱ्या कापडावर रंगीत चित्रांचे कागद चिकटवलेले असत. ज्याला वाचता येत नव्हते, तो गिऱ्हाईक चित्र ओळखून माल मागत असे. पुढे १८८९ च्या व्यापारी चिन्हविषयक कायद्याने थानावर लांबी छापण्याची तरतूद केली. म्हणजे एकीकडे ओळख पटवणारे चित्र आणि दुसरीकडे खरे माप. आजच्या पत्रकाचे कामही नेमके हेच आहे.

आधी प्रश्न, मग चित्र

माहितीपत्रकाची रचना म्हणजे सजावट, असा समज आहे. आमच्या मते रचना म्हणजे क्रम. घेणारा ज्या क्रमाने प्रश्न विचारतो, त्याच क्रमाने पत्रकाने उत्तरे द्यावीत. रचनेचे सगळे नियम या एका गोष्टीच्या सेवेसाठी आहेत.

एक उदाहरण घेऊ. समजा, आपल्याला २ बाय २ रुबियाचे, म्हणजे ब्लाउजच्या कापडाचे २४ रंगांचे पत्रक काढायचे आहे. ते मॅचिंग सेंटरवाल्याच्या हाती पडणार आहे. त्याच्या मनात काय येते? हा माल कोणता? माझ्या गिऱ्हाइकाला लागणारा रंग यात आहे का? पन्हा किती, सूत कोणते, रंग पक्का आहे का? कमीत कमी किती घ्यावा लागेल? आणि मागवायचा कोणाकडून? हे पाच प्रश्न कागदावर उतरवून घ्यावेत आणि मगच संगणकवाल्याकडे जावे. प्रश्न तयार नसले की संगणकवाला आपल्या मनाने फुले टाकतो.

साधा ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो. तो आडवा धरून दोन ठिकाणी दुमडला की सहा पाने मिळतात. मुखपृष्ठावर मालाचे नाव. उघडल्यावर आत वळलेल्या पानावर सूत, पन्हा, लांबी, धुण्याची पद्धत. आतल्या तीन सलग पानांवर २४ रंग, प्रत्येक पानावर आठ. मागच्या पानावर पत्ता, फोन आणि मागणीचे नियम. पाच प्रश्नांना पाच जागा झाल्या.

मोठे काय आणि लहान काय

सगळेच मोठे केले तर काहीच मोठे राहत नाही. पुष्कळ पत्रकांत पेढीचे नाव सर्वांत ठळक, वडिलांचे नाव त्याखाली आणि माल मात्र कोपऱ्यात, असे दिसते. पेढीचा अभिमान असणे योग्यच आहे. पण नवीन दुकानदाराला अजून आपले नाव ठाऊक नाही. तो रुबिया शोधतो आहे. म्हणून मुखपृष्ठावर एकच गोष्ट मोठी असावी, आणि ती मालाची असावी. पेढीचे नाव व छाप त्याखाली, लहान पण स्वच्छ. पुढे प्रत्येक पानावर छाप त्याच जागी, त्याच आकारात यावी. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा त्याच रूपात दिसली की ती लक्षात राहते. जुन्या चित्रांच्या छापा लोकांच्या स्मरणात राहिल्या त्या याच कारणाने.

जवळ ते एकमेकांचे

जर्मन मानसशास्त्रज्ञ मॅक्स वर्टहायमर यांनी १९२३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. माणसाचा डोळा सुट्या वस्तूंचे गट कसे पाडतो, याचे नियम त्यांनी त्यात मांडले. ज्या वस्तू जवळजवळ असतात, त्या डोळा एका गटात धरतो. ज्या सारख्या दिसतात, त्याही एका गटात जातात.

आपल्या पत्रकात याचा अर्थ साधा आहे. रंगाचा क्रमांक त्या रंगाच्या लगेच खाली असावा आणि त्याच्याखालच्या रंगापासून दूर असावा. वरच्या व खालच्या तुकड्याच्या बरोबर मध्ये क्रमांक टाकला, तर तो कोणाचा हे कळत नाही. मग दुकानदार १२ क्रमांक मागतो आणि त्याच्या मनात असतो ८. माल परत येतो. जाण्याचे आणि येण्याचे भाडे कोणी द्यायचे, यावर दोन महिने पत्रव्यवहार चालतो. हा सगळा खर्च अर्ध्या सेंटिमीटरच्या चुकीचा असतो.

रंगांचेही गट पाडावेत. लाल आणि गुलाबी एकत्र, हिरवे एकत्र, निळे एकत्र. दुकानात बाई साडी पुढे करून म्हणते, यावर जाईल असे दाखवा. तेव्हा दुकानदार क्रमांकाने शोधत नाही, रंगाने शोधतो.

ओळ आणि मोकळी जागा

कापड विणणाऱ्याला आखणी शिकवावी लागत नाही. ताणा सरळ नसेल तर कापड उभे राहत नाही, हे तो जाणतो. पत्रकालाही असाच ताणा-बाणा लागतो. कागदावर आधी हलक्या उभ्या-आडव्या रेषा आखाव्यात आणि प्रत्येक मजकूर, प्रत्येक तुकडा त्या रेषांना लावून बसवावा. छापताना रेषा दिसत नाहीत, शिस्त दिसते.

दुमडणीचा हिशोब येथेच करावा. आत वळणारे पान इतर दोन पानांपेक्षा किंचित अरुंद असावे लागते, नाही तर ते आत फुगते. १००, १०० आणि ९७ मिलिमीटर अशी वाटणी चांगली बसते. प्रत्येक पानावर ३५ मिलिमीटरचे तुकडे दोन उभ्या रांगांत, एका रांगेत चार, असे आरामात बसतात. चारी बाजूंना व मध्ये मोकळी जागा राहते आणि कोणताही तुकडा दुमडणीवर येत नाही.

मोकळी जागा पाहून अनेकांचा जीव खालीवर होतो. कागदाचे पैसे दिले आहेत, मग जागा रिकामी का सोडायची, असे वाटते. परंतु जुन्या हस्तलिखितांत कातिब हाशिया सोडत असे, तो कागद जास्त झाला म्हणून नव्हे. हाशियामुळे मजकूर उठून दिसतो आणि बोट ठेवायला जागा मिळते. दुकानातही आपण काउंटरवर सगळे तागे एकदम उलगडत नाही. एक उलगडतो, तो दिसू देतो, मग दुसरा.

अक्षरांचा प्रश्न

रचनेवरची बहुतेक पुस्तके इंग्रजी अक्षरे समोर ठेवून लिहिलेली आहेत. त्यांतले काही नियम आपल्या लिपीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. देवनागरीत मोठी लिपी आणि लहान लिपी असा भेद नाही. म्हणून एखादा शब्द उठून दिसायला हवा असेल, तर तो जाड करावा किंवा त्याचा आकार वाढवावा. इंग्रजीत शीर्षकाची अक्षरे लांब लांब बसवतात; देवनागरीत तसे केले की शिरोरेषा तुटते आणि शब्द फाटल्यासारखा दिसतो. वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार असल्यामुळे दोन ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा अधिक अंतर लागते. गडद चित्रावर पांढरी बारीक अक्षरे घालू नयेत. छापताना शाई पसरते, बारीक रेघा बुजतात आणि फोन नंबरातला ३ वाचावा की ६, असा संशय उत्पन्न होतो.

एका पत्रकात दोन तऱ्हांची अक्षरे पुरेशी आहेत. एक शीर्षकाला, एक मजकुराला. लग्नपत्रिकेतली वळणदार अक्षरे पन्ह्याचे माप सांगण्यासाठी नाहीत.

ज्यांना उर्दू पत्रक काढायचे आहे, त्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. उर्दू उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणून पत्रकही उलट बाजूने उघडले पाहिजे. मराठी पत्रकाची बाहेरची बाजू पसरून ठेवली तर मुखपृष्ठ उजव्या टोकाला येते. उर्दूत ते डाव्या टोकाला यावे लागते. मराठी साच्यात नुसता उर्दू मजकूर भरला की वाचणाऱ्याच्या हाती आधी शेवट येतो. नस्तालीक अक्षर उजवीकडून तिरके खाली उतरते, त्यामुळे त्याला देवनागरीपेक्षाही जास्त अंतर द्यावे लागते.

आणखी एक व्यवहाराची बाब. श्रीलिपी किंवा इनपेजमध्ये जुळवलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला आणि तेथे ते अक्षरवळण नसले, तर रफार आणि जोडाक्षरे विस्कटतात. म्हणून छापखान्याला फाइल देताना अक्षरे आतच बांधलेली पीडीएफ द्यावी. तिची एक प्रत कागदावर छापून, वाचून, सही करून सोबत जोडावी.

रंगाचे खरेखोटे

कापडाच्या पत्रकात सर्वांत मोठा धोका रंगाचा. संगणकाचा पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून रंग दाखवतो. छापखाना मात्र निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शायांतून तो तयार करतो. पडद्यावरचे अनेक भडक रंग या चार शायांना गाठताच येत नाहीत. राणी गुलाबी मळका होतो, पोपटी विटतो. जरीची चमक तर या शायांत येतच नाही; तिच्या जागी पिवळट तपकिरी पट्टा उमटतो. छापखान्याचा यात दोष नसतो. शाईची ती मर्यादा आहे.

शेजारच्या रंगाचाही परिणाम होतो. चित्रकार आणि शिक्षक जोसेफ आल्बर्स यांनी १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात हे दाखवून दिले आहे, की एकच रंग गडद पार्श्वभूमीवर उजळ भासतो आणि फिक्या पार्श्वभूमीवर गडद भासतो. म्हणून २४ रंगांच्या मागे रंगीत नक्षी घालू नये. सर्वांना एकच पांढरी किंवा फिकी करडी जमीन द्यावी आणि दोन रंगांमध्ये जागा सोडावी. मग दुकानदार रंगाची रंगाशी तुलना करू शकतो.

उजेडाचे तेच. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे दिसू शकतात. गिऱ्हाइकाला हे पक्के ठाऊक असते, म्हणून तर बाई साडी आणि ब्लाउजपीस घेऊन दुकानाच्या दारापाशी येते.

तेव्हा जेथे रंगच विकायचा आहे, तेथे छापील रंगावर विसंबू नये. खऱ्या कापडाचा तुकडा चिकटवावा. यात फार कापड जाते, असे वाटते. हिशोब करून पाहा. पन्हा ९० सेंटिमीटर आणि तुकडा साडेतीन सेंटिमीटरचा. आडव्या ओळीत २५ तुकडे निघतात. ५०० पत्रकांसाठी २० ओळी, म्हणजे एका रंगाचे ७० सेंटिमीटर कापड. २४ रंगांचे मिळून सुमारे १७ मीटर. खरा खर्च कापण्याचा आणि चिकटवण्याचा आहे, आणि ते काम दोन-चार हातांना रोजगार देते. दातेरी कात्रीने कापल्यास कडेचे सूत सुटत नाही. अशा पत्रकाला पातळ कागद चालत नाही. जाड कार्ड घ्यावे आणि दुमडण्याआधी त्यावर घडीची रेघ दाबून घ्यावी.

तुकडा चिकटवला तरी लॉटनुसार रंगात थोडा फरक पडतो. हे पत्रकावर स्पष्ट छापावे. आधी सांगितलेला फरक गिऱ्हाईक समजून घेतो. नंतर सांगितलेला फरक त्याला बहाणा वाटतो.

चित्र मालाचेच असावे

आजकाल तयार छायाचित्रे सहज मिळतात. यंत्रमागाच्या कापडाच्या पत्रकावर खड्डामागावर बसलेल्या विणकराचे चित्र आणि खाली परंपरेची दोन वाक्ये, हे आम्ही पाहिले आहे. चित्र सुंदर असते, पण ते खोटे बोलते. हातमागाच्या कापडाची ओळख पटावी म्हणून २००६ पासून हातमाग चिन्ह दिले जाते. यंत्रमागाचा माल हातमागाच्या चित्राआड विकणे म्हणजे विणकराच्या मजुरीवर डल्ला मारणे होय. पॉलिएस्टर मिसळलेल्या कापडाला नुसते कॉटन म्हणणे त्याच जातीचे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडाची भीती नसती तरीही मालातला ऐब झाकणाऱ्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही.

छायाचित्र आपल्याच मालाचे, दिवसाच्या उजेडात, सावलीत काढावे. फ्लॅश वापरू नये. तो कापडाचा पोत सपाट करतो. बाजूने येणाऱ्या उजेडात सूत उठून दिसते. एक चित्र चुणी पडलेल्या कापडाचे असावे, म्हणजे त्याची पडण कळते. नक्षीच्या कापडाशेजारी मोजपट्टी ठेवावी, म्हणजे बुट्टी केवढी आहे हे समजते.

छपाईपूर्वी आणि मोबाइलवर

छापखान्यासाठी चित्रे ३०० डीपीआयची हवीत. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून आलेले चित्र लहान झालेले असते. ते छापले की धूसर येते. चित्र कागदाच्या कडेपर्यंत जात असेल, तर चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त ठेवावे. कापताना पांढरी रेघ राहत नाही. काळा मजकूर एकाच काळ्या शाईत घ्यावा. चार शाया एकावर एक थोड्या सरकल्या, तर बारीक अक्षराला सावली येते.

भाव पत्रकावर छापू नयेत. सुताचे भाव हलले की ५०० पत्रके रद्दी होतात. भावाची वेगळी चिठ्ठी करावी, तिच्यावर तारीख आणि मुदत घालावी, कर वेगळा की धरून हे लिहावे. एचएसएन क्रमांक मात्र पत्रकावरच द्यावा, म्हणजे बिल करताना विचारपूस होत नाही.

आज निम्मे काम मोबाइलवर होते. पण तीन पानांचा पसरलेला कागद मोबाइलच्या उभ्या पडद्यावर मुंगीएवढा दिसतो. मोबाइलसाठी तीच माहिती उभ्या, सुट्या पानांवर घ्यावी. एका पानावर चार रंग पुरेत. क्रमांक मात्र दोन्हीकडे तेच ठेवावेत. कागदावरचा ७ आणि मोबाइलवरचा ७ वेगळा निघाला, तर सगळी मेहनत वाया जाते.

शेवटी पत्रक छापण्याआधी एक परीक्षा घ्यावी. ज्याला आपल्या मालाची माहिती नाही, अशा माणसाच्या हाती नमुना द्यावा आणि त्याला विचारावे : माल कोणता? पन्हा किती? ११ क्रमांकाचा रंग दाखवा. कोणाला फोन कराल? तो न अडखळता सांगू शकला, तर छपाईला द्यावे. तो थांबला, तर जेथे थांबला तेथेच दुरुस्ती करावी. त्याला समजावून सांगू नये. दुकानदाराला समजावून सांगायला आपण तेथे नसणार.

आपल्या व्यापारी बांधवांत हुन्नर कमी नाही. कापड विणणारे, रंगवणारे आणि त्याची पारख करणारे हात आपल्याकडे आहेत. आता घरातली शिकलेली मुले-मुली संगणक चालवतात. पाच प्रश्नांची यादी त्यांच्या हाती द्यावी, मालाचा एक तागा समोर ठेवावा आणि पहिले पत्रक घरीच करून पाहावे. आपल्या मालावर आपले नाव येण्याची सुरुवात तेवढ्या एका कागदापासून होऊ शकते.